संतुष्टीपूर्वक बंद

आमच्या खात्यात मॅनेजमेंट साहेबांबरोबर येतं आणि बदली झाली की त्यांच्याच बरोबर जातं. मागे राहतं ते फर्निचर. एका साहेबांचा नियम होता, टेबलावर फाइल दिसता कामा नये. त्या काळात आमच्या सगळ्या फायली कपाटांवर असत आणि स्टाफ मान वर करून नोटशीट शोधत असे. त्यांच्यानंतरचे व्हॉट्सॲपवाले, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं, ग्रुप अजून चालू आहे.

आत्ताचे साहेब प्रशिक्षणवाले. २०२० साली केंद्राने मिशन कर्मयोगी आणलं. त्याच्या पोर्टलवर साहेबांनी नेतृत्वाचा कोर्स केला. सर्टिफिकेट टेबलाच्या काचेखाली आहे, आणि त्या कोर्समधला एक शब्द साहेबांना फार आवडला आहे: ओनरशिप. "ओनरशिप लीजिए, भिया," म्हणत त्यांनी एकेक गोष्ट माझ्याकडे सरकवली. त्यातच आली सीएम हेल्पलाइन.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो. मध्य प्रदेशात २०१४ पासून १८१ हा नंबर आहे. तक्रार केली की तिला पायऱ्या असतात, एल-वन ते एल-फोर. खालच्याने मुदतीत काही केलं नाही की ती आपोआप वर चढते, शेवटी खात्याच्या प्रमुखापर्यंत. एल-वन म्हणजे मी, एल-टू म्हणजे साहेब. तक्रार पोर्टलवर चढते हे खरं आहे. पण साहेबांकडे पोचली की ते तिच्यावर 'तत्काल निराकरण करें' असा शेरा मारतात आणि ती जिना उतरून माझ्याकडे येते. एल-थ्रीला गेलेली तक्रार दोन शेरे घेऊन उतरते. कोर्समध्ये याला डेलिगेशन म्हणतात.

आणि काम करून टाकलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तक्रारदाराने फोनवर "मी संतुष्ट आहे" म्हणावं लागतं, तेव्हा कुठे पोर्टलवर 'संतुष्टीपूर्वक बंद' उमटतं. त्यावर महिन्याची ग्रेड ठरते आणि सोमवारच्या टीएल बैठकीत ती निघते. टीएल म्हणजे टाइम लिमिट. हे लिमिट कामांना असतं, बैठकीला नसतं. बैठकीहून परतलेल्या साहेबांना भेटायचं नाही, हा आमच्या ऑफिसातला एकमेव नियम सगळे जण पाळतात. मला मात्र आत बोलावणं येतं. "आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय," साहेब म्हणतात, "आणि आपण 'सी' ग्रेड?"

ग्रेड अडली होती राजेंद्रनगरच्या एका सरांपाशी. निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांना एका कागदाची नक्कल हवी होती. ती उशिरा का होईना, शिक्क्यासकट घरपोच दिली. काम झाल्याचं सर मान्य करत होते. फक्त संतुष्ट व्हायला तयार नव्हते.

मी फोन केला, बडे बाबूंनी केला, खुद्द साहेबांनी केला. साहेबांना सरांनी विचारलं, "किती पैकी द्यायचे?" तिथे हो किंवा नाही एवढंच आहे म्हटल्यावर सर म्हणाले, "मग पेपर सदोष आहे."

शेवटी साहेबांनी मला सरांच्या घरी पाठवलं. काकूंनी जिरावण मसाला आणि शेव घालून पोहे दिले. सरांनी नक्कल समोर ठेवली.

"हे बघ, २०१० चा लोकसेवा गॅरंटी कायदा. देशात पहिला आपल्या मध्य प्रदेशाने केला. उशीर झाला की दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त ५०००. मी मागितला का?"

"नाही सर. त्याबद्दल आभारीच आहोत."

"मग? नक्कल देणं तुमचं कामच होतं. त्यात माझ्या संतुष्ट होण्याचा प्रश्न येतो कुठे? पैकीच्या पैकी मार्क मी जन्मात कुणाला दिले नाहीत."

"अहो, म्हणून टाका ना," काकू आतून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? माझ्या पुरणपोळीला हे आजवर 'ठीक आहे'च्या पुढे गेलेले नाहीत."

एवढ्यात हेल्पलाइनचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "क्या आप निराकरण से संतुष्ट हैं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांची बशी दोन्ही हातांत धरून बसलो होतो. माझा चेहरा नापास मुलासारखा झाला असावा, कारण सर एकदम म्हणाले, "हाँ. ग्रेस देकर."

मुलीने 'हाँ' तेवढं टिपलं. साहेबांनी ग्रुपवर फुलांचा गुच्छ टाकला, खाली लिहिलं, 'टीम वर्क'.

दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडलं तर सरांच्याच नावाने नवी तक्रार. विषय: संतुष्ट आहे असे म्हणावे म्हणून विभागाकडून वारंवार फोन येतात, कर्मचारी घरी येऊन बसतो. एल-वन: मी. प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, पेन उघडलं आणि शेरा मारला: 'शिकायतकर्ता से आज ही फोन पर चर्चा कर संतुष्टिपूर्वक बंद कराएँ.'