लाडू काट्यावर ठेवला आणि…

परवा नाचणीचे लाडू वळताना सहज म्हणून एक लाडू काट्यावर ठेवला. ४६ ग्रॅम! मग हिशेबच मांडला. पीठ अर्धा किलो, गूळ ३५० ग्रॅम, तूप पाव किलोला जरा कमी, लाडू झाले २४. म्हणजे एका लाडवात १५ ग्रॅम गूळ, १० ग्रॅम तूप आणि २०० च्या वर कॅलरी. चहाबरोबर आम्ही दोन-दोन खात होतो, वर बिस्किटं बंद केल्याची फुशारकी.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हे खरंच. पण गूळ? कॅलरी मोजायला गेलात तर साखरेच्या पाठोपाठच. माझी स्वतःची शुगर काठावर आली ती बाहेरचं खाऊन नव्हे. गोव्यात डिचोलीत राहून मी मिरची-भजीच्या गाड्यावर वर्षातून चारदा जात असेन. आमच्या घरातलं वाक्य एकच, "घरचेंच न्हय गे!" (घरचंच ना गं!) आणि हात पुन्हा डब्यात.

आईच्या घरी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, व्हायच्या त्या चवथीलाच, गणेशचतुर्थीला. नारळ खवायचा, चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) आटवायचं, पात्या लाटायच्या, कडा कातायच्या. चार बायकांची दुपार जायची, आणि शेवटी आमच्या वाट्याला दोन किंवा तीन. खाजं, बेसन-गुळाचा खाऊ, जत्रेतून यायचं, कागदात बांधलेलं, आल्याचा झटका असलेलं. (२०२१ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. लहानपणी आम्हाला फक्त शेवटचा तुकडा कुणाला मिळाला एवढंच माहीत.) 'प्रमाणात खा' असं कुणी सांगितलेलं मला तरी आठवत नाही. कष्ट आणि पंचांग मिळूनच ते प्रमाण ठरवत होते. आता मिक्सर आहे, भाजलेलं पीठ विकत मिळतं. चवथ महिन्यातून दोनदा येते.

लाडू सोडायचं काही मनात नाही. फक्त आता लिंबाएवढे वळते, वीसेक ग्रॅमचे, आणि डबा ओट्यावर न ठेवता वरच्या फळीवर. रोजच्या चारच्या भुकेला चण्यांची उसळ, ताकातले फोव (पोहे), नाहीतर उकडलेली रताळी. मुलगा पहिले चार दिवस तोंड वाकडं करत होता, आता उसळीवर खोबरं जास्त मागतो.

लाडवांचा नियम माणशी एक. काल रात्री डब्यात ११ होते, आज सकाळी ८. मी अजून एकही खाल्लेला नाही.