मामा, समुद्राचा गाळ असं सांगत नाही

काटोलच्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. त्याआधी तो माझ्याकडे तीनदा येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मी दुर्लक्ष केलं. या वेळी करणार नाही. तो वाचून मामांनी संत्र्याच्या बागेतल्या मजुरांची वेळ बदलायचं रद्द केलंय. उन्हामुळे सकाळी 6 ते 11 काम असं ठरलं होतं. आता पुन्हा भर दुपारी.

मजकुराचं म्हणणं असं: लाखो वर्षांपूर्वी तापमान मोजायला कोणी नव्हतं, म्हणून शास्त्रज्ञांचे आकडे थापा. समुद्रतळाच्या गाळाने सिद्ध केलंय की दर 1 लाख वर्षांनी पृथ्वी आपोआप तापते आणि निवते. आत्ताची गरमी हा तोच फेरा. हिमयुग येणार हे शास्त्रज्ञांनी 1976 मध्येच सांगितलं होतं. सबब उन्हाचा बाऊ करू नका.

गाळावरून काही कळत नसेल तर त्याच गाळाने फेरा कसा सिद्ध केला? लिहिणाऱ्याने एक काहीतरी ठरवावं.

मामांनी फोनवर विचारलं, "काऊन वं, समुद्रातल्या चिखलात काय थर्मामीटर पुरून ठेवलं होतं?" प्रश्न रास्त आहे. कॉलेजात असताना मी असा गाळ धुतलाय. 63 मायक्रॉनच्या चाळणीवर पाणी सोडलं की चिखल वाहून जातो आणि रवाळ पांढरा थर उरतो. तो काळ्या ट्रेमध्ये पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ज्वारीच्या लाह्या एकमेकींना चिकटल्यासारखे शिंपले दिसतात. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचा. हे फोरॅमिनिफेरा, एकपेशीय जीव. शिंपला बनवताना ते समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन घेतात. त्यातला हलका ऑक्सिजन-16 वाफेबरोबर जास्त उडतो आणि हिमयुगात जमिनीवरच्या बर्फात अडकून पडतो. समुद्रात जड ऑक्सिजन-18 चं प्रमाण वाढतं. शिवाय पाणी गार असेल तर शिंपल्यात जड ऑक्सिजन जास्त जातो. थराथरातलं हे प्रमाण मोजलं की बर्फ केव्हा वाढला, केव्हा वितळला ते कळतं.

एक गोष्ट मान्य करते. यात बर्फ आणि तापमान मिसळलेलं असतं. असा गाळ अभ्यासणारे शास्त्रज्ञ एमिलियानी यांनी 1955 मध्ये बहुतेक फरक तापमानाचा धरला होता. शॅकल्टन यांनी 1967 मध्ये दाखवलं की मोठा वाटा बर्फाचा आहे. खोल समुद्रात हजार वर्षांत गाळ साचतो जेमतेम काही सेंटिमीटर, त्यातही किडे तो उकरतात. म्हणून एकेका वर्षाचा हिशेब त्यातून मिळत नाही. पण 1 लाख वर्षांचा फेरा दिसायला तो लागतही नाही.

आता 1976. तो शोधनिबंध खरा आहे: हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन, 'सायन्स' नियतकालिक. दक्षिण हिंदी महासागरातल्या गाळाच्या नळकांड्यांतून त्यांनी साडेचार लाख वर्षांचा इतिहास वाचला आणि त्यात सुमारे 23 हजार, 42 हजार आणि 1 लाख वर्षांची आवर्तनं सापडली. पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या बदलांशी ती जुळतात. फेरे आहेत, मामा, याबद्दल वाद नाही. पुढच्या काही हजार वर्षांचा कल उत्तर गोलार्धात बर्फ वाढण्याकडे आहे, हेही त्यात लिहिलंय. पण त्याच वाक्यात, मानवी परिणाम हिशेबात न धरता, अशी अट आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकी तीच कापली. याची मला चीड येते. अर्धं वाक्य कापून अख्ख्या निबंधाचा अर्थ उलटा केला.

आणि फेऱ्याचंच बोलायचं तर, गेली काही हजार वर्षं उत्तर गोलार्धातलं उन्हाळ्याचं ऊन कक्षेमुळे हळूहळू घटतंय. कक्षेच्या हिशेबाने आपण निवत जायला हवं होतं. उलट गेल्या दीडशे वर्षांत जगाचं सरासरी तापमान 1 अंशाहून जास्त चढलं. हिमयुग संपताना 5-6 अंश चढायला सुमारे 10 हजार वर्षं लागली होती, म्हणजे शंभर वर्षांत अर्ध्या दशांश अंशाच्या आसपास. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत 8 लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत 300 च्या वर फारसा गेलेला नाही. आज तो 420 च्या वर आहे. ही वाढ मुख्यतः कोळसा-तेल जाळल्याची आहे.

राहिला "बाऊ करू नका" हा मुद्दा. समजा, ही गरमी पूर्णपणे नैसर्गिक आहे. तरी 45 अंशांत दुपारी दोनला झाडांची आळी खणणाऱ्या बाईला लू लागायची ती लागतेच. मागच्या मे महिन्यात तुमच्याच बांधावर एक जण चक्कर येऊन पडला, तेव्हा त्याला सावलीत ओढणारे तुम्हीच होता.

सकाळी 6 ते 11 उद्यापासून करा. आणि मजकूर ज्या ज्या ग्रुपवर टाकला, तिथे हेही टाका.