बेलीफ आला, मागच्या दारानं पळा

भावानं विट्याच्या कोर्टात वाटपाचा दावा ठोकलाय आणि आज-उद्याकडं कोर्टाचं समन्स घेऊन बेलीफ तुमच्या दारात गाडी लावणार आहे. घाबरू नका. समन्स चुकवायची विद्या आपल्या खानापूर-आटपाडी पट्ट्यात वाडवडिलांपासून चालत आलीय, तीच फुकट सांगतो.

बेलीफ ओळखायला सोपा. तो तुमचं नाव बापाच्या नावासकट विचारतो. गावात असं कोण कुणाचं नाव घेतं? तेव्हा ओट्यावर बसल्या-बसल्या तुम्हीच सांगायचं, "ते व्हय? ते गलाईला गेल्यात, कोइमतूरला." आपल्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला मुलूखभर पांगलेली, त्यामुळं कुणाला शंका येत नाही. फक्त त्याच वेळी आतनं पोरगं "पप्पा, जेवायला चला" म्हणून ओरडणार नाही, एवढं बघा.

पुरुष माणूस घरात नसला की समन्स परत जातं, असं पारावरचे जाणकार सांगतील. त्यांचा कायदा थोडा जुना आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 साली दुरुस्ती झाली. तुम्ही गावाला गेला असाल आणि लवकर भेटायची चिन्हं नसतील, तर तुमच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या कुणाही सज्ञान माणसाकडं समन्स देता येतं, मग ती बाई असो वा पुरुष. म्हणजे सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला तुम्ही वीस वर्षं टाळाटाळ केलीत, पण समन्सवर तिची सही चालते. सालगड्याची मात्र नाही, नोकर हा घरचा माणूस नव्हे असं कायद्यानं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा दार उघडायला कायम गड्यालाच पाठवा.

गाठ पडलीच तर सही करू नका. बाणेदारपणे म्हणा, "घेत नाही, काय करायचं ते करा." बेलीफ वाद घालत नाही. तो एक प्रत तुमच्या घराच्या दर्शनी भागावर डकवतो. घर कुणी दाखवलं आणि कुणासमक्ष डकवलं, त्यांची नावं-पत्ते अहवालात लिहितो आणि निघून जातो. घर दाखवायला माणूस मिळणार नाही, या भ्रमात राहू नका. एरवी मयतीलाही वेळेवर न येणारी भावकी या कामाला चप्पल न घालता पळत येते. तुम्ही कागद फाडून चुलीत घाला, कोर्टात बजावणीचा, म्हणजे समन्स पोचल्याचा, शेरा गेलेला असतो.

पोस्टमन तर आपलाच माणूस. त्याच्याकडून पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहून घ्या आणि मिशीला पीळ द्या. त्या शेऱ्यावर कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं, पण पीळ दिलेली मिशी कुणी उतरवत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफही उघडू नका. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात निळ्या खुणा बघून नोटीस पोचली असं मानलं होतं.

आणि समन्ससोबत दाव्याची नक्कल असते. ती चुकूनही वाचू नका. भावानं कुठला गट मागितलाय, विहिरीचं काय लिहिलंय, हे कळलं तर वकील गाठावा लागेल, 30 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यावी लागेल. कोर्टाची मर्जी झाली तर 90 दिवसांपर्यंत मुदत मिळते. एवढी दगदग कुणी सांगितलीय? गैरहजर राहा, दावा एकतर्फा चालेल, तुमच्या वाटणीचं बोलणंही भाऊच बोलेल.

राहिलं एकच काम. संध्याकाळी पानटपरीवर जाऊन चारचौघांत सांगा, "तारीख म्हाईत हाय मला, पण समन्स घेतलंच न्हाई." एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, झाल्यावर तो रद्द करायला तुम्ही बजावणीतली खोट दाखवायला जाल. तारीख ठाऊक होती आणि हजर व्हायला वेळही होता असं कोर्टाला पटलं, तर नुसत्या खोटेवर हुकूमनामा रद्द होत नाही. टपरीवरचे साक्षीदार तुम्हीच तयार करून ठेवलेले असतात.

आमच्या एका चुलत्यांनी हे सगळं तंतोतंत पाळलं. परवा त्यांच्या रानाच्या मोजणीची नोटीस आली. तीही त्यांनी घेतली नाही.