‘आधी हात हलवणं बंद करा’ म्हणे!

गेल्या आठवड्यात ठाणे-ऐरोलीकडच्या पालकांच्या तीन ग्रुपवर मला एकच मेसेज आला. स्वमग्न मुलांच्या एबीए थेरपीत, म्हणजे वर्तन कशामुळे होतं ते बघून ते बदलण्याच्या पद्धतीत, आधी काय बदलायचं, याचे चार नियम. चारचौघांत विचित्र दिसतं ते पहिलं थांबवा. मूल अर्धा तास गप्प बसलंच पाहिजे. वाईट सवयीकडे दुर्लक्ष करा, आपोआप जाते. काय शिकवायचं ते थेरपिस्ट ठरवेल, आईबापांनी मध्ये पडू नये. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यातली सहा वर्षं आम्ही यातच आहोत. म्हणून लिहितेय.

पहिला नियम. ठाणे स्टेशनात वाशी लोकल येताना दिसली की माझा मुलगा हात फडफडवतो. लोक वळून बघतात, बस्स. त्याला इजा नाही, दुसऱ्याला नाही, शिकणं अडत नाही. मग बदलून फायदा कुणाचा, त्याचा की माझ्या लाजेचा? मनगट चावणं वेगळं. ते आमच्या यादीत सगळ्यात वर होतं.

गप्प बसण्याबद्दल ऑगडेन लिंडस्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची जुनी कसोटी आहे: जे मेलेला माणूसही करू शकतो, ते शिकवायचं वर्तन नव्हे. गप्प बसणं मढ्याला उत्तम जमतं. 1972 मध्ये विनेट आणि विंकलर या संशोधकांनी वर्गातले प्रयोग तपासून हीच तक्रार केली होती, की मुलांना नुसतं मुकाट बसवलं जातंय. पन्नास वर्षं झाली, आपण तिथेच.

दुर्लक्षाचा नियम मात्र आम्हाला महागात पडला. मुलगा जेवताना ताट भिरकवायचा. ‘लक्ष देऊ नका’ म्हटलं, म्हणून आम्ही न बोलता ताट उचलून न्यायचो. भिरकावणं वाढलं. मग वहीत तीन रकाने केले: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. पंधरा दिवसांनी नुसतं वाचलं तरी दिसत होतं. वरणभाताच्या दिवशी एकदाही नाही. भेंडीची भाजी भाताला लागली की हमखास. त्याला आमचं लक्ष नकोच होतं, ताट समोरून जायला हवं होतं, आणि ते आम्ही इमानेइतबारे नेत होतो! 1982 मध्ये इवाटा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या 9 मुलांना वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिलं. कुणाचं ते वर्तन काम सांगितल्यावर वाढे, कुणाचं एकटं असताना. वर्तन एक, कारणं निराळी. लक्ष हेच कारण असेल तरच दुर्लक्ष उपयोगी.

ताट न फेकता त्याने काय करायचं, हे कुणीतरी शिकवायला हवं होतं. कार आणि डुरँड या संशोधकांनी 1985 मध्ये हेच दाखवलं: त्याच कारणासाठी बोलून मागायला शिकवलं की त्रासदायक वर्तन उतरतं. आमचा बोलत नाही, म्हणून ‘नको’चं कार्ड केलं, फ्रिजवर वेल्क्रोने लावलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने ते कार्ड आजीच्या हातात दिलं, तेल लावायला आली होती तेव्हा. सासूबाई बघतच राहिल्या. मग सलूनमध्येही दिलं. केस तसेच राहिले, पण रडारड नाही.

चौथा नियम तर सरळ चूक. उद्दिष्ट घरच्यांना पटतंय का हे विचारायलाच हवं, असं एबीएच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी माँट्रोज वुल्फने 1978 मध्येच मांडलं होतं. एका ठिकाणी आम्हाला पहिलं उद्दिष्ट ‘डोळ्यात बघणे’ दिलं. का, म्हणून विचारलं तर उत्तर नव्हतं. सध्या यादीत पहिलं आहे संडासची कडी आतून लावणं आणि उघडणं. लावता येते. उघडताना अजून मला हाका मारतो, म्हणजे दार बडवतो.