चेतापेशी म्हणजे विजेची तार नव्हे

'मेंदूत 100 अब्ज चेतापेशी असतात, त्यांतून वीज प्रकाशाच्या वेगाने धावते आणि माणूस त्यांतल्या फक्त 10 टक्के वापरतो.' हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरून फिरून गुळगुळीत झालाय. वाक्य एक, दावे तीन, आणि तिन्ही चुकीचे.

आकड्याचं आधी उरकून टाकू. ब्राझीलमधल्या संशोधकांनी मेंदूच्या ऊतींचं चक्क द्रावण करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. 2009 साली प्रसिद्ध झालेली त्यांची सरासरी 86 अब्ज आहे.

वेगाची थाप मात्र जबरी आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1850च्या सुमारास बेडकाच्या चेतातंतूवर वेग मोजला, तो सेकंदाला साधारण 27 मीटर भरला. माणसाच्या जाड, मायलिनचं (चरबीयुक्त पदार्थाचं) आवरण असलेल्या तंतूंत तो 120 मीटरपर्यंत जातो. प्रकाश सेकंदाला 30 कोटी मीटर कापतो! बिनआवरणाच्या बारीक तंतूंत तर जेमतेम मीटरभर. म्हणूनच पायाला ठेच लागली की आपटल्याचं लगेच कळतं, ठणका मात्र क्षणभर मागाहून येतो. दोन्ही खबरा निघतात एकदमच, पण वाटा वेगळ्या.

आणि 'वीज धावते' म्हणजे काय? तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या दिशेने सरकतात. अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीत, मुख्य घडामोड आडवी असते, पेशीभोवतीच्या पातळ पटलाच्या आरपार. शांत पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असते. आवेग, म्हणजे संदेशाची विद्युत लहर, पोचला की पटलातली सोडियमची दारं उघडतात, सोडियमचे आयन (धनभारित कण) आत घुसतात आणि तेवढ्यापुरता आतला भार धन होतो. पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडून गाडी रुळावर येते. हे सारं मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांत. तोवर शेजारची दारं उघडू लागलेली असतात. आवेग असा वाटेत पुन्हा पुन्हा नव्याने तयार होतो, म्हणून लांबवर जाऊनही क्षीण होत नाही. तंतूच्या टोकाला, पुढच्या पेशीआधी, तर बहुतेक ठिकाणी सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते, आणि ती ओलांडतात रसायनं. हे रासायनिक टपालकाम ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921मध्ये बेडकांच्या हृदयांवर दाखवून दिलं.

राहिले ते 10 टक्के. एखादी पेशी या क्षणी गप्प आहे म्हणजे ती बिनकामाची नव्हे. उलट असंख्य पेशी एकदम, एका लयीत आवेग सोडू लागल्या तर अपस्माराचा झटका येतो. शिवाय वजनाने शरीराच्या 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो, आणि त्यातला मोठा वाटा सोडियम पुन्हा बाहेर उपसण्यातच जातो. पक्षाघातात मेंदूच्या लहानशा भागाचं रक्त तुटलं तरी वाचा जाऊ शकते. नव्वद टक्के जागा पडून असती, तर असं सहसा घडलं नसतं.