खुलासा : सावलीतलं उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे

‘रोपं जितक्या दाट सावलीत ठेवाल तितकी झपाट्याने वाढतात,’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. सोबत पुरावा म्हणून पपईच्या उंच रोपांचा फोटो. रोपं उंच आहेत, हे खरं. पण फोटो मोठा करून बघा: खोड काडीसारखं, दोन पानांमधलं अंतर लांबलचक, पानं फिकट. ही उपासमार आहे!

वरच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल प्रकाश कमी आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) जास्त असतो. रोपातलं फायटोक्रोम नावाचं प्रकाश टिपणारं रंगद्रव्य हा फरक ओळखतं आणि रोप उजेड गाठायला शेंडा ताणतं. त्यात अन्न खर्च होतं खोडावर, मुळं राहतात तोकडी. असं रोप शेतात लावलं की पहिल्याच वाऱ्यात लोळतं.

मग सावली वाईटच का? तसंही नाही. कोको, कॉफी ही मुळात जंगलातल्या मोठ्या झाडांखालची झाडं. त्यांच्या कोवळ्या रोपांना साधारण अर्धी सावली मानवते, कडक उन्हात पानं करपतात. पपईला मात्र उगवल्यावर भरपूर ऊन लागतं. सगळ्यांना एकच माप लावणं, हीच त्या मेसेजची खरी चूक.

आणखी एक गोंधळ: ७५ टक्क्यांचं शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, ७५ टक्के उजेड अडवतं, आत सोडत नाही. सावलीतली रोपं लावणीआधी दोन-तीन आठवडे हळूहळू उन्हाला सरावू द्या. एकदम बाहेर काढलीत तर पानांवर पांढरट डाग पडतात, आणि लोक तो रोग समजून फवारणी करत बसतात.