सत्तरी, पण कोणाच्या हिशोबानं?

सरकारी योजना म्हटली की आम्ही आधी अटी वाचतो. उत्पन्न अमुकच्या आत, रेशनकार्ड तमुक रंगाचं. त्यामुळे २९ ऑक्टोबर २०२४ला, ऐन धनत्रयोदशीला, आयुष्मान भारत योजना सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना खुली झाली आणि उत्पन्नाची अटच नाही म्हणाले, तेव्हा घरात कोणाचा विश्वास बसेना. झोपडीतला असो की बंगल्यातला, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस. अट एकच, वय सत्तर पूर्ण हवं. आणि नेमकं तेच आमच्या घराण्यात आजवर कोणी खरं सांगितलेलं नाही.

बाबांची जन्मतारीख १ जून १९५४. म्हणजे गुरुजींनी लावलेली. त्या काळी पोराला शाळेत घालायला आलेला बाप तारीख विचारल्यावर आढ्याकडे बघायचा आणि गुरुजी ‘एक जून’ लिहून मोकळे व्हायचे. बाबांच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. खरं तर बाबा १९५६चे, पण पट भरायचा होता. परिणामी ते लवकर रिटायर झाले आणि तेव्हापासून जेवताना एकदा तरी म्हणतात, “गुरुजींनी माझी दोन वर्षांची नोकरी खाल्ली.” योजनेच्या कार्डासाठी वय फक्त आधारवरचंच धरतात, हे कळल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली आणि गुरुजींचा एखादा फोटो कुठे मिळेल का, असं विचारलं.

आईच्या वयाचा घोळ नव्हता. घोळ बोटांचा होता. जन्मभर भांडी घासून आणि भाकऱ्या थापून रेषाच उरल्या नाहीत, त्यामुळे कार्ड काढायच्या केंद्रातल्या मशीनला ती आईच वाटेना. ओटीपी मागवला तर तो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर कधीच बंद पडलेला. शेवटी चेहरा. मोबाइल समोर धरून केंद्रातला पोरगा म्हणाला, “आजी, डोळे मिटा आणि उघडा.” आईनं डोळे मिटले ते मिटलेच. तिला वाटलं, इंजेक्शन आहे.

कार्ड आल्यावर भांडण सुरू झालं. कारण ते ५ लाख माणशी नाहीत, एका कुटुंबातल्या सगळ्या सत्तरीपारच्यांत मिळून आहेत.

“म्हणजे माझे अडीच,” आई म्हणाली.

“तशी वाटणी नसते. ज्याला लागेल त्यानं घ्यायचे.”

“तुमचे गुडघे दोन आहेत. मला पित्ताशय एकच. म्हणजे सुरुवातीलाच तुम्ही पुढे.”

आता दर वर्षी कोणी आधी आजारी पडायचं, यावर घरात गंभीर चर्चा होते. सध्या आईचं पारडं जड आहे.

एक मात्र कबूल करायला हवं. मागे एका खासगी विम्याचा एजंट आला होता. बाबांनी बीपी, शुगर आणि गुडघे अशी यादी सुरू केली, तर शुगरपर्यंत पोचायच्या आतच तो चहा अर्धा टाकून उठला. इथे आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. बाबांना इतका आनंद झाला, की दुसऱ्याच दिवशी ते खोकला दाखवायला कार्ड घेऊन निघाले. ओपीडीला हे कार्ड चालत नाही, ॲडमिट व्हावं लागतं, तेही योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात, हे त्यांना गेटवर गाठून सांगावं लागलं. ॲडमिट झाल्यावर मात्र आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा खर्चही त्यातच येतो, हे ऐकून ते थबकले. “मग खोकल्याला ॲडमिट करत नाहीत का कुठे?” हे त्यांनी १४५५५ या हेल्पलाइनला विचारलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं असणारच.

काकांकडे सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना आहे, त्यांना दोन्हींपैकी एकच ठेवता येतं. ते पॅन्टचं कापडसुद्धा एका फेरीत निवडत नाहीत, तेव्हा त्यांचा विषय इथेच सोडू.

खरी पंचाईत आत्याची. पहिल्या निवडणुकीला आजी मतदानाला गेली तेव्हा आत्या पोटात होती, म्हणजे ती १९५२ची. लग्न जमवताना आजोबांनी तिची पाच वर्षं उडवली आणि तिनंही ती परत मागितली नाहीत. आधारवर ती १९५७ची आहे. कागदोपत्री बाबा तिचे थोरले भाऊ. इतकी वर्षं हे तिला फार आवडायचं.

आतोबांचं कार्ड एका झटक्यात झालं, म्हणून तीही त्यांच्यासोबत रांगेत उभी होती.

“तुमचं नाही होत आजी, अडुसष्ट दाखवतंय.”

“दाखवू दे. मी त्र्याहत्तरची आहे.”

“पुरावा?”

“पहिली निवडणूक! सरकारनंच घेतली होती ना? मग सरकारला विचारा.”

जन्मतारीख बदलायची तर जन्माच्या दाखल्यासारखा पुरावा लागतो, आणि तोही बदल एकदाच करता येतो, असं पोरानं समजावलं. आत्याचा जन्म माजघरात, सुईण केव्हाच वारलेली. आत्याचा आवाज चढला. “हा कुठला न्याय? यांच्याहून तीन वर्षांनी मोठी मी आणि कार्ड मात्र यांना!”

आतोबा कार्डावरचा स्वतःचा फोटो निरखत होते. त्यांनी हळूच चष्मा काढला.

“मोठी?”

पोरानं “नेक्स्ट” म्हणून हाक मारली, पण मागच्या रांगेतलं कोणीही पुढे सरकायला तयार नव्हतं.